बोलींची पाहणी : कर्तव्यापासून खेळापर्यंत

बोलींची पाहणी करणाऱ्या अभ्यासकापुढील पहिली अडचण भाषेची नसून माणसांची असते. प्रश्न सिद्ध असतात. त्यांची उत्तरे लोकांनी का द्यावीत, हा खरा प्रश्न होय. ह्या पाहणीचा इतिहास बव्हंशी त्याच प्रश्नाच्या निरनिराळ्या उत्तरांचा इतिहास आहे.

जर्मनीत गेऑर्ग वेंकर ह्यांनी १८७६ साली ऱ्हाइन प्रदेशातील शाळाशिक्षकांकडे प्रमाण भाषेतील वाक्ये पाठवून ती गावच्या बोलीत लिहून मागविली. पुढे शासनाचे पाठबळ लाभून चाळीस हजारांहून अधिक गावांची उत्तरे जमली. भारतात ग्रियर्सन ह्यांनी उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताची बोलीरूपे सरकारी अधिकाऱ्यांमार्फत मिळविली. त्यांच्या सर्वेक्षणाचा मराठीविषयक खंड १९०५ साली निघाला. दोन्ही ठिकाणी अधिकाराचा आधार होता.

महाजालावरील पाहणीत तो आधार उरला नाही. प्रश्नावली अर्ध्यावर टाकून जाणाऱ्यास अडविणार कोण? तेथे खेळ उपयोगी पडला. स्वित्झर्लंडमध्ये २०१३ साली निघालेले ‘डियालेक्ट ॲप’ केवळ १६ शब्दांची बोलीरूपे विचारून उत्तर देणाऱ्याचे गाव ओळखू पाही. ही ओळख विसाव्या शतकाच्या मध्यास केलेल्या बोलीपाहणीच्या नकाशांवर आधारलेली होती. तर्क चुकल्यास उत्तर देणारा आपले खरे गाव सांगे, आणि खेळातील ती चूकच अभ्यासकाला बोली कोठे पालटली असावी ह्याची खूण देई. त्याच वर्षी २१ डिसेंबरला ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २५ प्रश्नांचा असाच एक खेळ प्रसिद्ध केला. वर्ष संपण्यास अवघे काही दिवस उरले असता त्या पत्राच्या संकेतस्थळावर वर्षभरात सर्वाधिक पाहिले गेलेले पान तेच ठरले. बक्षीस कसलेही नव्हते. आपल्या बोलीचा नकाशा पाहावयास मिळे, एवढेच.

तथापि ह्या यशाला एक मर्यादा आहे. जुन्या नकाशांसाठी मुख्यत्वे गावात स्थिरावलेली वृद्ध माणसे निवडली जात. खेळाकडे येतो तो स्वतःहून, हाती यंत्र असलेला. दोहोंतील भेद काळाचा किती आणि माणसांच्या निवडीचा किती, हे वय व गाव नोंदविल्यावाचून ठरत नाही. शिवाय आपले गाव अचूक ओळखले जावे ह्या हौसेने एखादा आजोबांचा शब्द आपला म्हणून सांगण्याचा संभव राहतोच.

सारांश, उत्तर का द्यावे ह्या प्रश्नाची सोडवणूक खेळाने बरीचशी केली. उत्तर कोणी दिले, हा प्रश्न मात्र अभ्यासकानेच सोडवावयाचा आहे.