खाल्ल्या मिठाला कोणी जागावे?

‘खाल्ल्या मिठाला जागणे’ हा वाक्प्रचार आपण नेहमी चाकराच्या संदर्भात वापरतो. अन्न धन्याचे, इमान चाकराचे. कोकणच्या मिठाचा इतिहास पाहू लागलो, की हीच अपेक्षा राज्यकर्त्याकडूनही करावीशी वाटते.

मिठागराचे काम वरकरणी साधे असते. भरतीचे पाणी बांध घातलेल्या वाफ्यांत घ्यायचे, ते उन्हाने आटू द्यायचे आणि धरलेले मीठ ओढून बांधावर रास घालायची. पावसाळा लागला की काम बंद. समुद्र आणि ऊन यांना मोल नाही. म्हणून मिठाच्या किमतीत मजुरी व वाहतूक यांच्याइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व सरकारी कराला येते.

याची नेमकी जाण शिवाजी महाराजांच्या 1671 मधील एका पत्रात दिसते. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशात मीठ स्वस्त होते. व्यापारी तिकडे वळले, तर संगमेश्वरच्या बाजूचा मिठाचा व्यापार बुडणार आणि जकातही जाणार, हे ओळखून त्यांनी सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवण्याची आज्ञा केली. या धोरणाचे कौतुक होते, ते योग्यच आहे. मात्र महाग झालेले मीठ विकत घेणाऱ्या घाटावरच्या कुणब्याची बाजू त्या हिशेबात कोठे येते, हाही प्रश्न अभ्यासकाने टाळू नये. तरीही त्या जकातीमागे स्वराज्यातले मिठागर टिकवण्याचा हेतू होता, हे विसरता येत नाही.

इंग्रजी अमलात हा हेतूच उरला नाही. मुंबई इलाख्यासाठी 1890 साली मिठाचा कायदा झाला. परवान्यावाचून मीठ पिकवणे हा गुन्हा ठरला. 1930 साली कर होता मणाला सव्वा रुपया. श्रीमंताला आणि मजुराला मीठ जवळपास सारखेच लागते. उन्हात घाम गाळणाऱ्याला कदाचित थोडे जास्तच. त्यामुळे हा कर गरिबालाच अधिक जाचत असे.

6 एप्रिल 1930 रोजी गांधीजींनी दांडीला कायदा मोडला. मे महिन्यात, बारदेशापासून फारशा दूर नसलेल्या शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रही चालून गेले. ज्या किनाऱ्यावरील मिठाच्या रक्षणासाठी एकेकाळी जकात बसली, त्याच किनाऱ्यावर आता मिठाची मूठ उचलण्यासाठी लाठ्या खाव्या लागल्या. 1931 च्या गांधी-आयर्विन करारात किनाऱ्यालगतच्या गावकऱ्यांना घरापुरते मीठ करण्याची मुभा मिळाली. कर मात्र 1947 साली रद्द झाला.

आज मिठाच्या पुडीकडे आपण दोनच गोष्टींसाठी पाहतो: गलगंड टाळणारे आयोडीन आणि रक्तदाब वाढवणारा अतिरेक. दोन्ही काळज्या रास्त आहेत. परंतु त्या पुडीत आगरात राबलेल्यांचे ऊनही असते. खाल्ल्या मिठाला जागायचे, तर त्याचे स्मरण खाणाऱ्यानेही ठेवावे आणि राज्यानेही.