ड्रायव्हर पुनर्स्थापना (जुन्या संगणकावरील)

संगणकाचा एखादा भाग आणि कार्यप्रणाली यांच्यातला व्यवहार सांभाळणारी लहान आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर. हार्ड डिस्क बदलली किंवा यंत्र फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकली, की आधी बसवलेले ड्रायव्हर पुसले जातात. मग भाग शाबूत असूनही आवाज येत नाही, नेट लागत नाही, प्रिंटर हलत नाही. जुने यंत्र भंगारात जाते ते पुष्कळदा एवढ्याच कारणाने, आणि ते टाळता येण्यासारखे असते.

सांगली जिल्ह्यातील कडेगाव, विटा किंवा पलीकडे साताऱ्यातील कराड अशा तालुक्याच्या गावांत डीटीपीची दुकाने, पतसंस्था आणि झेरॉक्स केंद्रे यांचे काम अशा यंत्रांवर वर्षानुवर्षे चालत आले. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा लागते, ती या यंत्रांत नसते. त्यामुळे जुनीच प्रणाली पुन्हा टाकावी लागते. आधार संपलेल्या प्रणालीवर बँकेचे व्यवहार मात्र करू नयेत.

हरवलेला ड्रायव्हर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेने दिसतो. नाव ‘अननोन डिव्हाइस’ असले, तरी गुणधर्मांतील ‘हार्डवेअर आयडी’ पाहिल्यास निर्माता कळतो : ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १०डीई म्हणजे एनव्हीडिया, १००२ म्हणजे एएमडी. असेंबल केलेल्या यंत्राचे खोके उघडले, की मदरबोर्डवरच मॉडेल छापलेले सापडते. आधी चिपसेटचा ड्रायव्हर, मग लॅनचा, त्यानंतर ग्राफिक्स आणि ध्वनी, हा क्रम सोयीचा. लॅनच नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करावे; विंडोज ७ व त्यापुढील प्रणाली तो बहुधा आपोआप ओळखतात. ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाही, हे डाउनलोड करण्यापूर्वीच पाहावे.

निर्मात्याचे संकेतस्थळ हा पहिला आधार, पण तो कायमचा नाही. इंटेलने २०१९ मध्ये आपल्या अनेक जुन्या डेस्कटॉप बोर्डांचे ड्रायव्हर आणि बायॉस संकेतस्थळावरून काढून टाकले. अशा वेळी बोर्डाचा निर्माता सोडून चिपचा निर्माता गाठावा. एका क्लिकवर सगळे ड्रायव्हर देऊ करणारी अनोळखी सॉफ्टवेअरे सोबत नको ते बरेच बसवतात, ती टाळावीत. टीव्हीएसच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा ड्रायव्हर मिळाला नाही, तर एप्सनचा तितक्याच पिनांचा ड्रायव्हर लावून पाहावा. हे प्रिंटर एप्सनच्या आज्ञा समजून घेतात.

मराठी मजकुराच्या बाबतीत सर्वांत नाजूक भाग असतो तो कुलपाचा. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी आणि सी-डॅकची आयएसएम या मराठी टंकनाच्या पॅकेजांसोबत हार्डवेअर लॉक, म्हणजे यंत्राला जोडल्याशिवाय पॅकेज चालू न देणारे छोटे कुलूप, येत असे. जुने लॉक प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लागत. नव्या मदरबोर्डांवर तो पोर्ट सहसा नसतो आणि यूएसबीवरून पॅरलल करणारी केबल सहसा फक्त प्रिंटरपुरती उपयोगी पडते. डीटीपीवाल्याने जुने यंत्र जपून ठेवण्याचे हे एक खरे कारण. त्या काळातील लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, गावची स्मरणिका हे सारे युनिकोडमध्ये नसून त्या त्या फाँटच्या संकेतांत साठलेले आहे. फाँट जपला असेल तर फाइल दिसते, छापताही येते. पण एक काना दुरुस्त करायचा तरी कळफलक हवा, आणि कळफलक लॉकशिवाय व लॉक त्याच्या ड्रायव्हरशिवाय उठत नाही. म्हणजे एका ड्रायव्हरवर गावाच्या छापील नोंदींची दुरुस्ती अडून राहते. ही गोष्ट दुरुस्तीच्या दुकानात फारशी कुणी ध्यानात घेत नाही.

लॉकचे ड्रायव्हर शोधताना नाव बदललेले आढळते. अशा लॉकांतील प्रसिद्ध ‘हॅस्प’ अलादीन कंपनीचे, तर ‘सेंटिनेल’ रेनबोचे. दोन्ही पुढे सेफनेटकडे गेले, तेथून जेमाल्टोकडे आणि २०१९ मध्ये थेल्सकडे. त्यामुळे आज दोहोंचेही ड्रायव्हर थेल्सच्या सेंटिनेल विभागात शोधावे लागतात. यूएसबी लॉक काढून ठेवून आधी ड्रायव्हर बसवावा, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे, मगच लॉक लावावा.

यंत्र अजून चालू असेल, तर फॉरमॅट करण्यापूर्वीच ड्रायव्हर काढून ठेवता येतात. विंडोज ८.१ पासून ‘डिझम’ या अंगभूत साधनातील ‘एक्स्पोर्ट-ड्रायव्हर’ ही आज्ञा बाहेरून बसवलेले सर्व ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये उतरवते. विंडोज ७ मध्ये सिस्टम३२ खालील ‘ड्रायव्हरस्टोअर’मधील ‘फाइलरिपॉझिटरी’ फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्यावे आणि नंतर डिव्हाइस मॅनेजरला तेच दाखवावे. फाँटचे फोल्डर त्याच पेन ड्राइव्हवर घ्यावे.