काचेच्या तक्त्यावरील तह

दूरचित्रवाणी संचाचा पडदा ४० इंचांचा का, आणि शेजारच्या दुकानातला ४२ इंचांचा का, हा प्रश्न विकत घेणाऱ्यास सहसा पडत नाही. परंतु यांपैकी पहिल्या मापाचे कुळ शोधू जाता आपण दक्षिण कोरियातील आसान शहरानजीक तांगजोंग येथे, सोनी आणि सॅमसंग या दोन कट्टर प्रतिस्पर्ध्यांनी एप्रिल २००४ मध्ये स्थापिलेल्या ‘एस-एलसीडी’ या कंपनीच्या दारी येऊन पोहोचतो.

१९६८ पासून ट्रिनिट्रॉन या चित्रनळीच्या वैभवात वाढलेल्या सोनीस त्या नळीच्या अखंड खपामुळेच द्रवस्फटिकाच्या (एलसीडी) पडद्याकडे वेळीच वळण्याची निकड भासली नाही, आणि भासली तेव्हा स्वतःचा कारखाना नव्हता. उलट सॅमसंगपाशी कारखानदारीचे कसब होते, पण अवाढव्य भट्ट्या पेटत्या ठेवावयास हुकमी गिऱ्हाईक हवे होते. अशा परस्परांच्या गरजेतून २ लाख १० हजार कोटी वॉन भांडवलाचा करारनामा झाला. निम्मा माल याचा, निम्मा त्याचा. भागही निम्मेनिम्मे, मात्र सॅमसंगकडे निम्म्याहून एक भाग अधिक आणि सोनीकडे एक उणा! मैत्रीच्या साऱ्या मसुद्यापेक्षा कारभाराची मुखत्यारी कोणाची, हे त्या एका भागाने अधिक स्पष्टपणे सांगितले, असे मला वाटते. जपानात ही सोयरीक रुचली नाही, आणि सरकारी पाठबळाने चाललेल्या पडदा-संशोधनाच्या संघातून सोनीस बाहेर पडावे लागले.

आता मापाकडे येऊ. एप्रिल २००५ मध्ये तेथे ज्या काचेवर काम सुरू झाले तो सातव्या पिढीचा तक्ता १८७० × २२०० मिलिमीटरांचा होता, आणि शिंपी ताग्याची रुंदी पाहून अंगरखा बेततो तद्वत त्या तक्त्यातून ४० इंचांचे आठ किंवा ४६ इंचांचे सहा पडदे, फारसा कपटा न उरता, निघत. एलजी आणि फिलिप्स यांच्या संयुक्त कंपनीने तक्ता १९५० × २२५० चा घेतला, म्हणून त्यांचे पडदे ४२ आणि ४७ इंचांचे झाले. पाहणाऱ्याच्या डोळ्याची वा दिवाणखान्याची सोय कोणी विचारली होती, असे दिसत नाही.

त्याच वर्षी सोनीने ‘ब्राव्हिया’ हे नाव बाजारात आणले. एकाच कारखान्याच्या काचा दोन नावांनी एकाच दुकानात परस्परांशी झगडू लागल्या, आणि भेद राहिला तो मुख्यतः चित्र सजविणाऱ्या विद्युत्-मंडलांचा.

पुढे पडद्यांचे भाव कोसळले, उघड्या बाजारात ते स्वस्तात मिळू लागले, आणि अर्ध्या कारखान्याची मालकी सोनीस जड झाली. डिसेंबर २०११ मध्ये तिने आपला सारा हिस्सा सुमारे १ लाख ८ हजार कोटी वॉनला सॅमसंगला विकण्याचे ठरविले, पडदे घेण्याचा करार मात्र चालू ठेवला. आणि पुढल्याच वर्षी ‘एस-एलसीडी’ हे नाव सॅमसंग डिस्प्ले या कंपनीत विलीन झाले.