घामातला ‘द’

लॅटिनमध्ये घाम येणे म्हणजे ‘सुदारे’ आणि घाम म्हणजे ‘सुदोर’. रोमन साम्राज्य मोडले, त्याच्या मुलखात लॅटिनच्या लेकी वाढल्या. पण या शब्दातला मधला ‘द’ सगळ्यांनी सारखा सांभाळला नाही. इटालियनने ‘सुदारे’ तसाच ठेवला. स्पॅनिशमध्ये ‘सुदार’ झाले. रोमानियनने पुढे उपसर्ग जोडून ‘असुदा’ केले. पोर्तुगीजमध्ये मात्र ‘सुआर’ आणि ‘सुओर’. फ्रेंचने ‘द’ तर गाळलाच, स्वरही बदलून ‘स्युए’ केले.

दोन स्वरांच्या कात्रीत सापडलेले व्यंजन मऊ पडते आणि एक दिवस नाहीसे होते. मराठी वाचकाला हे नवे नाही. महाराष्ट्री प्राकृताची तर ती ओळखच: ‘पाद’चा ‘पाय’ झाला, ‘नदी’ची जुन्या मराठीत ‘नई’ झाली. लॅटिन ‘पेदेम’चा पोर्तुगीज ‘पे’ याच वाटेने आला. गंमत अशी की संस्कृत ‘स्वेद’ आणि लॅटिन ‘सुदोर’ एकाच मूळ धातूचे, आणि प्राकृतात ‘स्वेद’चाही ‘सेअ’ झाला. म्हणजे हजारो मैलांच्या अंतरावर, एकमेकींची गाठभेट नसताना, दोन भाषांनी एकाच शब्दातला तोच ‘द’ गमावला. आपण पुढे तो शब्दच बोलण्यातून सोडला. आपला ‘घाम’ आला ‘घर्म’वरून, म्हणजे उष्णतेवरून, ‘स्वेद’ राहिला तो वैद्यांकडे.

हा नियम फार ताणू नये. स्पॅनिशने ‘पिए’मधला ‘द’ सोडला, ‘सुदार’मधला धरून ठेवला. का, याचे एका ओळीत उत्तर देणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

रोमन माणूस घाम पुसायचा तो रुमाल ‘सुदारियुम’. लॅटिन बायबलमध्ये येशूच्या मस्तकावरच्या वस्त्रालाही हाच शब्द आहे. तिथून रुमालाचे कफन झाले: स्पॅनिश ‘सुदारिओ’, फ्रेंच ‘स्युएर’. पोर्तुगीजमध्ये तर घाम ‘सुओर’, पण कफन ‘सुदारियु’. लोकांच्या तोंडी झिजलेला ‘द’ चर्चच्या लॅटिनमधून पुन्हा आत आला. आपल्या भाषेत हेच तद्भव आणि तत्सम: चालायला पाय, नमस्काराला पाद्यपूजा.

फ्रेंचमध्ये पुढे ‘स्युए’ सभ्य बैठकीत खटकू लागले. तिथे ‘त्रांस्पिरे’ म्हणतात. मूळ अर्थ ‘आरपार श्वास सोडणे’. घामाला श्वास म्हटले की तो अंगाचा राहत नाही. रोमानियनने हा शब्दही उसना घेतला. फ्रेंच माणूस वैतागला की मात्र अजूनही म्हणतो, तू मला घाम फोडतोस. आणि तेव्हा त्याच्या तोंडी जुने ‘स्युए’च येते.