बाटली हलवून घ्या
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

औषधाच्या बाटलीवर बारीक अक्षरांत बरेच काही छापलेले असते. त्यातली बहुतेक माहिती डॉक्टर आणि दुकानदार यांच्यासाठी असते. एक ओळ मात्र खास आपल्यासाठी असते: 'वापरण्यापूर्वी बाटली चांगली हलवा.' ही ओळ आपण वाचतो आणि विसरतो. तिच्यामागे दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि त्यात आपल्या वऱ्हाडाच्या रानाचाही थोडा वाटा आहे.

आधी साधी गोष्ट पाहू. पेल्यात साखर टाकून ढवळली की ती विरघळते. पहिला घोट आणि शेवटचा घोट सारखाच गोड लागतो. त्याच पेल्यात हळद टाकली, तर ढवळताना पाणी पिवळे दिसते आणि थोड्या वेळाने हळद तळाशी बसते. अनेक औषधे या हळदीसारखी असतात. पाण्यात विरघळत नाहीत, पण गोळी न गिळू शकणाऱ्या लहान मुलाला ती पातळ करूनच द्यावी लागतात. मग त्यांची बारीक पूड करून ती द्रवात तरंगत ठेवायची. याला औषधशास्त्रात सस्पेन्शन म्हणतात. मराठी परिभाषेत शब्द आहे 'निलंबन', पण निलंबन म्हटले की आपल्याला घरी बसवलेला सरकारी कर्मचारी आठवतो! त्यापेक्षा 'अधांतरी' हा शब्द बरा. वाशीम जिल्ह्यात तो समजावून सांगावा लागत नाही. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, अशी परंपरेने चालत आलेली ख्याती आपण सारेच ऐकून आहोत.

औषधाचा कण मात्र कायम अधांतरी राहत नाही. तो किती वेगाने खाली बसेल, याचा नियम गणिती जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ साली मांडला. त्याचे सार सोपे आहे. कण जितका मोठा, तितका तो लवकर बसतो. आणि कणाचा व्यास निम्मा केला की बसण्याचा वेग चौपटीने कमी होतो. द्रव दाट असेल तरीही वेग मंदावतो. म्हणजे उपाय दोनच: पूड बारीक करा आणि पाणी दाट करा. आपल्याकडच्या वैद्यांच्या घरी खलात औषध तासन् तास घोटण्याची रीत होती. तिच्यामागे इतरही हेतू होते, पण घोटल्याने पूड बारीक होते आणि बारीक पूड द्रवात जास्त वेळ टिकते, हे हाताला आधीपासून ठाऊक होते.

आता दुसरा उपाय, पाणी दाट करणे. त्यासाठी युरोपातले औषधनिर्माते बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक आणि ट्रॅगकंथ नावाचा इराणकडचा डिंक वापरत. हा माल हिंदुस्थानात दुरून येई. तेव्हा इथे काय मिळते याचा शोध सुरू झाला. ब्रिटिश औषधसंहितेला हिंदुस्थान आणि वसाहतींसाठी एक पुरवणी १९०० साली निघाली. तिच्यात 'इंडियन गम' या नावाने एका डिंकाला मान्यता मिळाली. तो होता धावड्याचा डिंक! हाच डिंक आपल्याकडे हिवाळ्यात तुपात फुलवून लाडवात घालतात. बाभळीच्या डिंकापेक्षा तो पाण्याला अधिक दाट करतो. बाळंतिणीच्या लाडवातला हा पदार्थ औषधांच्या अधिकृत ग्रंथात गेला, तेव्हा वाशीम 'बाशीम' या नावाने वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा झाला.

ग्रंथातले औषध रुग्णापर्यंत पोहोचवणारा माणूस म्हणजे कंपाउंडर. जुन्या पिढीला त्याची बाटली आठवत असेल. बाटलीच्या अंगावर कात्रीने खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवलेली असे. एक खाच म्हणजे एक डोस. जुलाबावर खडूचे मिक्स्चर असे, म्हणजे शुद्ध केलेल्या खडूची पूड डिंकाच्या पाण्यात. कंपाउंडर पूड आणि डिंक खलात एकत्र घोटी. मग थोडेसेच पाणी घालून गुळगुळीत लगदा करी आणि नंतर उरलेले पाणी हळूहळू मिसळी. एकदम पाणी ओतले तर गुठळ्या होतात, हे बेसन भिजवणाऱ्या कोणत्याही गृहिणीला सांगावे लागणार नाही. बाटली तो गळ्यापर्यंत भरत नसे. तो काही कंजूषपणा नव्हता. वर मोकळी जागा नसेल तर बाटली हलवता येत नाही.

वाशीममध्ये नाझरीन मिशनचे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल १९३८ साली सुरू झाले. डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन महिला डॉक्टरांनी ते उभे केले. तो काळ मिक्स्चरच्या बाटल्यांचाच होता. रसायनांनी जंतू मारणारी सल्फा औषधे त्याच सुमारास जगात नवी आली होती, आणि त्यांच्याच बाबतीत एक भयंकर घटना घडून गेली होती. १९३७ साली अमेरिकेतल्या एका कंपनीला सल्फानिलामाइड हे औषध मुलांसाठी पातळ करायचे होते. ते पाण्यात नीट विरघळेना. विरघळवण्याच्या हट्टापायी कंपनीने डायएथिलीन ग्लायकॉल हा गोडसर द्रव वापरला. तो विषारी आहे की नाही, हे तपासलेच नाही. शंभरावर माणसे दगावली आणि त्यांत बरीच मुले होती. पुढच्याच वर्षी अमेरिकेत औषधांच्या सुरक्षिततेचा कडक कायदा आला.

हेच विष पुढे आपल्याही वाट्याला आले. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्णांचा मृत्यू झाला. त्याची चौकशी न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने केली. २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुले खोकल्याच्या औषधाने आजारी पडली आणि उपचारांसाठी नागपूरला आणली गेली. त्या औषधातही हेच विष सापडले. ही औषधे सस्पेन्शन नव्हती. पण सस्पेन्शनलाही ग्लिसरीन आणि गोड पाक लागतोच. म्हणून धडा सर्वांना एकच: औषध ज्या द्रवात असते, तो द्रव औषधाइतकाच तपासला पाहिजे.

आता सुईतून दिल्या जाणाऱ्या औषधांकडे वळू. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या प्रयोगशाळेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. ही लस म्हणजे मेलेल्या जंतूंचे सस्पेन्शनच होते. पोषक रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की त्यांच्या खाली प्लेगचे जंतू झुंबरासारखे लोंबत वाढत. बाटली हलवली की ते खाली पडत आणि वर नवी वाढ सुरू होई. शेवटी उष्णता देऊन जंतू मारत. १८९९ साली ही प्रयोगशाळा परळला गेली. आजची हाफकिन संस्था ती हीच.

१९०२ साली पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. हाफकिन यांच्यावर ठपका आला आणि तो दूर व्हायला काही वर्षे लागली. यातली शास्त्राची बाजू अशी की स्वच्छ द्रवात नको ते पडले तर कदाचित दिसेल. सस्पेन्शन मुळातच गढूळ असते, त्यात डोळ्यांना काहीच कळत नाही. म्हणून ते बनवणाऱ्याची आणि हाताळणाऱ्याची जबाबदारी दुप्पट.

१९५४ साली पुण्याजवळ पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पेनिसिलिन देशात बनू लागले. साधे पेनिसिलिन शरीरातून झटपट निघून जाते. प्रोकेन पेनिसिलिनचे कण मात्र स्नायूत हळूहळू विरघळतात, त्यामुळे सुया कमी टोचाव्या लागतात. न विरघळणे हा दोष होता, त्याचाच असा गुण करून घेतला गेला.

या साऱ्या प्रवासात औषधनिर्मात्यांना एक गोष्ट उमगली. कण फार बारीक आणि सुटे असले, तर ते सावकाश बसतात खरे, पण एकदा बसले की तळाशी घट्ट थर जमतो. मग बाटली कितीही हलवा, तो उठत नाही. याउलट कणांचे सैलसर पुंजके होऊ दिले, तर ते लवकर बसतात, पण चार हिसक्यांत पुन्हा वर येतात. म्हणून चांगले सस्पेन्शन म्हणजे कधीच न बसणारे नव्हे. बसल्यावर सहज उठणारे, ते चांगले.

याचा अर्थ असा, की औषध बनवण्याचे शेवटचे काम कारखाना आपल्यावर सोपवतो. बाटली न हलवता दिली, तर सुरुवातीच्या चमच्यांत औषध कमी जाते आणि ताप हटत नाही. शेवटच्या चमच्यांत ते जास्त जाते. फिट्सच्या औषधाच्या बाबतीत तर हा फरक जिवावर बेतू शकतो. मुलांच्या अँटिबायोटिकची कोरडी पूड येते, तिला आपण 'ड्राय सिरप' म्हणतो. नाव सिरपचे, स्वभाव सस्पेन्शनचा! त्यात उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंतच घालायचे. आधी थोडे घालून हलवायचे, मग उरलेले घालून पुन्हा हलवायचे. खुणेच्या खाली राहिले तर डोस जड होतो, वर गेले तर हलका. घरातला चमचा न वापरता सोबतच्या मापानेच द्यायचे आणि लेबलावर सांगितलेले दिवस संपले की उरलेले टाकून द्यायचे.

लसीकरणाला येणाऱ्या आरोग्यसेविकेलाही हेच शास्त्र उपयोगी पडते. ॲल्युमिनियमचे क्षार असलेल्या काही लसी गोठल्या की निकामी होतात. शंका आली तर मुद्दाम गोठवून वितळवलेली त्याच बॅचची एक कुपी आणि संशयित कुपी अशा दोन्ही हलवून शेजारी ठेवतात. संशयित कुपीतला गाळही तितक्याच लवकर बसला, तर ती लस टाकून देतात. या तपासणीला लागतात दोन कुप्या, दोन डोळे आणि थोडा धीर.

पट्टी चिकटवणारा कंपाउंडर आता दिसत नाही. त्याचे उरलेले काम घरातली आई करते, आजी करते, कधी मोठी ताई करते. हे काम त्यांच्याकडे आहे, हे मात्र त्यांना कोणी नीट सांगितलेले नसते. औषध देताना दुकानदाराने बाटली हातात धरून ती खूण दाखवली आणि एकदा हलवून दाखवली, तर त्याला अर्धे मिनिट लागेल.