शहरात ट्रकला दिवसा बंदी: धूर कमी होतो की फक्त जागा बदलतो?

दुधनी हे अक्कलकोट तालुक्यातलं, कर्नाटकच्या सीमेजवळचं बाजारपेठेचं ठिकाण. इथल्या बाजार समितीत तूर, हरभरा, उडीद येतो. हा माल ट्रकनं मोठ्या शहराकडे निघाला की वेशीवर पाटी दिसते: 'जड वाहनांना प्रवेश बंद'. खाली वेळ लिहिलेली असते. अशा नियमाचा हवेवर काय परिणाम होतो?

बंदी कशासाठी?

मुख्य कारण अपघात आणि वाहतूक कोंडी. सोलापुरातही याच कारणांनी जड वाहनांवर वेळेचे निर्बंध आले. हवेचा मुद्दा नंतर जोडला गेला. जानेवारी २०१९ मध्ये केंद्रानं राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला. प्रदूषणाची मर्यादा ओलांडणाऱ्या शहरांच्या त्या यादीत सोलापूरही आहे. हवेतल्या धूलिकणांची, म्हणजे पीएम १० ची, भारतातली वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे.

बंदीनंतर ट्रकचं काय होतं?

*तो थांबतो.* वेळ संपेपर्यंत ट्रक शहराबाहेर उभे राहतात. इंजिन चालूच राहिलं, तर शहरातला धूर वेशीवरच्या वस्तीत जातो.

*तो रात्री शिरतो.* रस्ता मोकळा असल्यानं डिझेल कमी लागतं. मात्र हिवाळ्याच्या रात्री थंड हवा जमिनीलगत साचते आणि धूर लवकर विरत नाही. शिवाय झोपेच्या वेळी आवाज वाढतो.

*माल छोट्या गाड्यांत जातो.* इथं थोडा हिशेब करू. समजा १५ टन तूर शहरात १० किलोमीटर न्यायची आहे. लिटरला ४ किलोमीटर चालणारा एक ट्रक अडीच लिटर डिझेल घेईल. तोच माल दीड टनाच्या १० टेम्पोंत भरला आणि प्रत्येक टेम्पो लिटरला १२ किलोमीटर चालला, तरी एकूण सव्वाआठ लिटरच्या वर डिझेल लागेल. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे ट्रकचे जवळपास ७ किलो, तर टेम्पोंचे २२ किलो.

मग मोठा ट्रकच चांगला का?

नेहमी नाही. कार्बन डायऑक्साइड आणि काजळी या वेगळ्या गोष्टी आहेत. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस ६ मानकं लागू झाली. त्या मानकाची नवी गाडी जुन्या डिझेल ट्रकपेक्षा खूपच कमी काजळी सोडते. त्यामुळे गाडी किती मोठी यासोबत ती किती जुनी हेही नियमानं पाहायला हवं.

कोणते उपाय उपयोगी पडतात?

दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं २०१५ मध्ये शहरात शिरणाऱ्या ट्रकवर पर्यावरण शुल्क लागलं. मे २०१८ मध्ये पूर्व परिघीय द्रुतगती महामार्ग खुला झाला. ज्या ट्रकना दिल्लीत काम नाही, त्यांना बाहेरून जायला वाट मिळाली. बंदीसोबत असा पर्याय लागतोच: बाह्यवळण रस्ता, आणि इंजिन बंद करून थांबता येईल असा ट्रक तळ.

दुसरा पर्याय रेल्वेचा. लोखंडी रुळांवर घर्षण कमी असल्यानं तेवढ्याच मालाला रस्त्यापेक्षा बरीच कमी ऊर्जा लागते. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला निघाली होती. दुधनी स्थानकही सोलापूर–वाडी या विद्युतीकरण झालेल्या मार्गावर आहे. पण रेल्वेला एकदम मोठा माल लागतो, आणि स्थानकापासून पुढे गाडी लागतेच.

दुधनीच्या शेतकऱ्याचा संबंध काय?

ट्रक थांबला की चालकाचा दिवस आणि गाडीचं भाडं दोन्ही अडकतं. तो खर्च व्यापारी खरेदीचा भाव ठरवताना धरतो, आणि त्याचा भार बऱ्याचदा शेतकऱ्यावर येतो. शहराला मोकळा रस्ता मिळतो, खर्च आणि धूर मात्र वेशीबाहेरच्यांच्या वाट्याला येतो.

म्हणून पुढच्या वेळी ट्रकबंदीची बातमी शेअर करताना तीन गोष्टी तपासा: ट्रक थांबणार कुठे, माल पुढे कोणत्या गाडीनं जाणार, आणि हवेची मोजणी शहराच्या वेशीवरही होते का?