शब्दाकडे निघालेली गाडी

'चित्रपट आणि साहित्य' ही अभ्यासपत्रिका शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे कथा, पटकथा, संवाद आणि माध्यमांतर यांविषयी बोलत आलो. संवाद कागदावर कसे उतरले याची चर्चा वर्गात पुष्कळ झाली. ते पडद्यावर ऐकू येण्याआधी कुणी, कुठे आणि कशाच्या साहाय्याने टिपले, हा प्रश्न मात्र आम्हांला कधी पडला नाही. तो पाडला एका माजी विद्यार्थ्याने. मराठीत एम.ए. करून तो चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळला होता. काही वर्षांपूर्वी त्याने आम्हांला एका फॅब्रिकेशनच्या दुकानात नेले. तिथे अल्युमिनियमच्या चौकोनी नळ्या कापून त्याची गाडी आकार घेत होती.

चित्रीकरणाच्या स्थळी, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, शक्य तर सावलीत, ध्वनिमुद्रकाची ही ढकलगाडी उभी असते. वरच्या फळीवर मिक्सर आणि रेकॉर्डर. मधल्या खणात नटांच्या कपड्यांत दडवलेल्या बिनतारी माइकांचे आवाज पकडणारे रिसीव्हर. तळाशी बॅटऱ्या, जड वस्तू खाली असली म्हणजे खडबडीत वाटेवर गाडी कलंडत नाही. बाजूला बूमचे दांडे उभे ठेवण्यासाठी नळी, मागे केबलची रिळे, वर अँटेनासाठी डोलकाठीसारखा खांब. चाके मोठी आणि हवेची, कारण वाळू, चिखल, दगडगोटे यांतून जायचे आणि नाजूक यंत्रांना हादरेही बसू द्यायचे नाहीत. अशा तयार गाड्या बाजारात मिळतात. मग ही खटपट कशाला, असे आम्ही विचारले. "त्या दुसऱ्याच्या हाताच्या मापाच्या असतात, सर," तो म्हणाला. संवाद चालू असताना डोळे नटांवर ठेवायचे आणि बोटांनी न पाहता नेमकी खिट्टी गाठायची. म्हणून बसल्यावर कोपर कुठे टेकते, हे मोजून त्याने वरच्या फळीची उंची ठरवली होती.

या गाडीमागचा इतिहास आम्ही नंतर धुंडाळला. बोलपटाच्या आरंभी अशा फिरत्या गाडीची कल्पनाच नव्हती. १९२८-२९ च्या हॉलिवूडमध्ये यंत्र एका जागी बसलेले असे आणि शब्दाला त्याच्याकडे जावे लागे. माइक फुलदाणीत किंवा टेबलावर दडवलेला. नटाने त्याच्या रोखाने बोलायचे. कॅमेऱ्याची घरघर ऐकू येऊ नये म्हणून कॅमेरा आणि छायालेखक दोघेही बंद खोक्यात. ध्वनी नियंत्रित करणारा माणूस काचेच्या खोलीत आणि प्रत्यक्ष मुद्रण करणारे यंत्र त्याहूनही दूर. मूकपटांत मोकळेपणी हिंडणारा अभिनय एका फटक्यात जखडला गेला. १९२९ च्या 'द वाइल्ड पार्टी' या चित्रपटाच्या वेळी दिग्दर्शिका डोरोथी आर्झनर यांनी माइक मासे पकडायच्या काठीला बांधून नटीच्या डोक्यावरून फिरवला, असे सांगतात. बूमची कुळकथा बहुधा तिथून सुरू केली जाते.

त्याच सुमारास, १९२८ च्या अखेरीस, फॉक्स कंपनीचा 'इन ओल्ड ॲरिझोना' प्रदर्शित झाला. मोठ्या प्रमाणावर घराबाहेर चित्रित झालेला हा पहिला पूर्ण लांबीचा बोलपट मानला जातो. त्यासाठी अवजड सामग्री मोटारीवर लादून डोंगराळ मुलखात न्यावी लागली. ध्वनी तेव्हा प्रकाशाच्या रूपाने फिल्मवर उमटवला जाई. फिल्म धुऊन आल्याशिवाय काय टिपले गेले ते ऐकण्याची सोय नव्हती. तरी शब्दाच्या दिशेने यंत्राचे पहिले पाऊल पडले ते इथे. पुढे स्टुडिओतला ध्वनिनियंत्रकही काचेच्या खोलीतून खाली उतरला आणि चाकांच्या टेबलावर आपली उपकरणे मांडून नटांजवळ बसू लागला. त्या टेबलाला हॉलिवूडच्या कामगारांनी चहाच्या गाडीचे नाव दिले होते. आमच्या विद्यार्थ्याच्या गाडीची ही पणजी.

आपल्याकडे १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात 'आलम आरा' झळकला. अर्देशीर इराणी यांचा स्टुडिओ रेल्वेमार्गाला लागून होता. म्हणून गाड्यांची वर्दळ थांबल्यावर, रात्री, त्याचे बरेचसे चित्रीकरण झाले. चित्र आणि ध्वनी एकाच फिल्मवर एकाच वेळी उमटवणारी तानार पद्धतीची यंत्रसामग्री त्यासाठी वापरली होती. पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, प्रभातने कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' काढला. गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे यांनी त्यात कॅमेऱ्यासमोर जे म्हटले, जे गायिले, ते त्याच क्षणी मुद्रित झाले. पार्श्वगायनाची पद्धत अजून रूढ व्हायची होती. मराठी बोलपटाचा जन्म असा जागच्या जागी उच्चारलेल्या शब्दातून झाला, हे आपण जवळजवळ विसरलो आहोत.

यंत्र खरोखर हलके झाले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. चुंबकीय फीत आली आणि टिपलेला आवाज तिथल्या तिथे ऐकता येऊ लागला. वॉर्सात जन्मलेल्या आणि स्वित्झर्लंडमध्ये स्थायिक झालेल्या स्टीफन कुडेल्स्की यांनी १९५१ मध्ये 'नाग्रा' हा सुवाह्य रेकॉर्डर बनवला. पोलिश भाषेत या नावाचा अर्थ 'मुद्रित करील' असा आहे. त्या दशकाच्या अखेरीस आलेला नाग्रा-३ खांद्याला अडकवून नेता येई आणि कॅमेऱ्याशी चोख मेळ राखी. फ्रान्समध्ये झाँ रूश आणि एडगर मोराँ यांनी १९६१ च्या 'क्रॉनिक द'अं एते' मध्ये पॅरिसच्या रस्त्यावरची माणसे त्याच्या साहाय्याने बोलती केली.

इथे आमच्या मते एक मोठा विरोधाभास आहे. जगात यंत्र शब्दाकडे निघाले, त्याच काळात आपल्याकडे शब्दाला पुन्हा यंत्राकडे धाडले गेले. आपल्या चित्रसृष्टीत रुळलेला हलका ॲरीफ्लेक्स कॅमेरा आवाज करी. बाह्यचित्रीकरण वाढले, बघ्यांची गर्दी आवरेना. त्यावर उपाय म्हणून डबिंग आले आणि पुढे तीच रीत झाली. स्थळावर टिपलेला आवाज केवळ 'पायलट' ठरला, म्हणजे नटाने नंतर अंधाऱ्या खोलीत ऐकून त्यावरून आपले वाक्य पुन्हा म्हणायचे. अनेक नट-नटींना दुसऱ्यांचेच आवाज मिळाले. ज्याचा आवाज टाकूनच द्यायचा आहे, त्या ध्वनिमुद्रकाला गाडी हवी कशाला?

गाडी वाढली ती जिथे मूळ उच्चार राखण्याचा हट्ट होता तिथे. 'माय फेअर लेडी' (१९६४) मध्ये रेक्स हॅरिसन यांनी आपली गाणी आधी मुद्रित करून ओठ हलवायला नकार दिला. आपण तेच पद दोनदा सारखे म्हणत नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या टायमध्ये बिनतारी माइक दडवावा लागला. एकाच वेळी अनेक माणसे बोलत असलेले प्रसंग रॉबर्ट ऑल्टमन यांना प्रिय होते. त्यांच्या 'कॅलिफोर्निया स्प्लिट' (१९७४) आणि 'नॅशव्हिल' (१९७५) यांसाठी आठ स्वतंत्र ध्वनिपट्ट्यांचा रेकॉर्डर वापरला गेला. प्रत्येक तोंडाला माइक, प्रत्येक माइकाला पट्टी. एवढा पसारा खांद्यावर मावणे शक्य नव्हते. पुढे संगणकयुगात रेकॉर्डर लहान होत गेला, पण पट्ट्या आणि रिसीव्हर वाढतच राहिले. म्हणून यंत्रे हलकी होऊनही गाडी उरली.

आपल्याकडे वारे फिरले ते २००१ च्या 'लगान'पासून. कच्छच्या उजाड माळावर नकुल कामटे यांनी स्थळावरच ध्वनिमुद्रण केले, आणि त्या कामासाठी एच. श्रीधर यांच्यासह त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २००९ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे माजी विद्यार्थी रसूल पूकुट्टी यांना 'स्लमडॉग मिलियनेर'साठी ऑस्कर मिळाले, तेव्हा हा व्यवसाय असतो हे अनेकांना प्रथमच कळले. पूर्वीची प्रभात जिथे होती त्याच जागेवर १९६० पासून ही संस्था उभी आहे, हा योगायोगही बोलका आहे. २०१४ च्या चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये बरीचशी माणसे व्यावसायिक नट नव्हती. त्यांची वाक्ये नंतर बंद खोलीत म्हणवून घेतली असती, तर त्या न्यायालयातली अवघडलेली शांतता टिकली असती का?

या प्रश्नाचे उत्तर आम्हांला विद्यार्थ्याच्या एका अनुभवात सापडले. गाडी होण्यापूर्वीची गोष्ट. एका चित्रपटात गावातल्याच एका वृद्ध बाईंना दोन-तीन वाक्ये होती. शेजारी जनरेटर चालू होता. निर्मात्याने तो बंद करू दिला नाही, "नंतर डब करू" म्हणाला. पुढे बाईंना शहरातल्या डबिंगच्या खोलीत आणले. समोर कागद नव्हता, त्यांना वाचता येत नव्हते; वाक्य कानात ऐकवले जाई आणि त्या म्हणत. शब्द तेच होते. पण काचेपलीकडच्या साहेबांसमोर बाई नकळत 'शुद्ध' बोलू लागल्या. 'न्हाई'चे 'नाही' झाले, हेल सरळ झाला. चित्रपटात तेच राहिले. "त्या दिवशी मी गाडी करायचं ठरवलं," तो म्हणाला.

बोलीविषयी आम्ही तासन् तास बोलतो. पण त्या बाईंचे काय हरवले, हे आम्हांला संहितेत कधीच दिसले नसते. लिखित संवाद दोन्ही वेळा एकच होता. गाडीने टिपलेला आवाज म्हणजे निखळ सत्य, असेही आम्ही म्हणत नाही. माइक कुठे धरायचा, कोणती पट्टी ठेवायची, ही निवड तिथेही आहेच. संग्राहकाने ओवी लिहून घेतानाही ती असते. आता तर गोंगाट पुसणारी संगणकप्रणाली इतकी तयारीची झाली आहे की कदाचित त्या जनरेटरखालूनही बाईंचा 'न्हाई' वर काढता आला असता. पण त्यासाठी तो आधी जिवापाड टिपलेला असायला हवा.

गाडी पुरी झाल्यावर विद्यार्थ्याने ती आम्हांला पुन्हा दाखवली. खालच्या कप्प्यात मोडती तिपाई आणि छत्री होती, आणि एक घडीची खुर्ची जास्तीची. ती कुणासाठी, असे आम्ही विचारले. संवाद म्हणून झाल्यावर बोलणाऱ्याला आपला आवाज ऐकायचा असतो, त्याच्यासाठी, असे तो म्हणाला.